किनाऱ्यावरच्या छोट्या गावाने सांडपाण्याचं काय करावं? खालच्या आळीतल्या विहिरींना वास यायला लागलाय

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. आमचं गाव दापोली तालुक्यात समुद्राला लागून आहे, नाव मुद्दाम देत नाही कारण सीझन तोंडावर आलाय. वस्ती साधारण दीड हजार. वरची आळी जांभ्यावर, खालची आळी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, माडापोफळीच्या वाड्यांमध्ये. पूर्वी घरामागे न्हाणी असायची आणि न्हाणीचं पाणी पाटाने अळवाला नाहीतर केळीला जायचं, संडास वाडीच्या पार टोकाला. आता वाडीवाडीत पाहुण्यांच्या खोल्या झाल्यात, प्रत्येक खोलीला अटॅच्ड बाथरूम, आणि लाँग वीकेंडला पाच-सहाशे माणूस सहज येतं. धंदा आला याचा आनंदच आहे, त्याच्यामुळे तर आमची मुलं मुंबईला न जाता गावात थांबली.

पण गेले काही पावसाळे खालच्या आळीतल्या विहिरींना वास येतो. पहिला मोठा पाऊस झाला की त्या पाण्याने चूळ भरवत नाही. देवळामागचा पऱ्या (ओहोळ) पुळणीवर उतरतो तिथे वाळू काळी पडलीये, पायाने जरा उकरली की सडक्या अंड्याचा वास येतो आणि पोरं तिथेच खेळतात. जिल्हा परिषदेच्या पाण्याच्या सर्वेक्षणात दोन विहिरींमुळे आमच्या ग्रामपंचायतीला पिवळं कार्ड (मध्यम धोका) मिळालं, ते लाल व्हायच्या आधी काहीतरी करायचंय.

आता झालंय असं की एक कंपनीवाले येऊन ग्रामपंचायतीत प्रेझेंटेशन देऊन गेले, १०० केएलडीचा (रोज एक लाख लिटरचा) एमबीबीआर प्लांट, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यांवर वाढवलेल्या जिवाणूंकडून सांडपाणी साफ करणारा, आणि सगळ्या गावात पाइपलाइन. सरपंचांना पटलंय, बऱ्याच सदस्यांनाही पटलंय. मी सदस्य आहे पण मला यातलं तांत्रिक काही कळत नाही आणि ग्रामसभेत हात वर करण्याआधी कळून घ्यायचंय. एवढ्या छोट्या गावात असा प्लांट चालतो का, लाइटबिल कोण भरतं, आणि दुसरा काही मार्ग आहे का? ज्यांनी असं काम जवळून बघितलंय त्यांनी कृपया लिहा.

सडा_आणि_झरा

दादा, मी पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य काढलं, बराचसा काळ रत्नागिरी जिल्ह्यातच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडा बघू. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलंय, त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरायची पद्धत आहे. म्हणजे दीड हजार माणसांचे ६६ हजार लिटर. आता पाहुणा काही ५५ लिटरवर भागवत नाही, समुद्रातून आला की एकदा आंघोळ, रात्री परत एकदा, त्याला शहरासारखे १३५ लिटर धरा, सहाशे पाहुण्यांचे अजून ६५ हजार लिटर झाले. म्हणजे शनिवारी तुमचा १०० केएलडीचा प्लांट अपुरा पडणार आणि जुलैतल्या मंगळवारी एक-तृतीयांश रिकामा. एमबीबीआरमधले जिवाणू ठरलेल्या खुराकावर जगतात, एकदम उपास आणि एकदम पंगत त्यांना झेपत नाही.

दुसरं म्हणजे वीज. त्या प्लांटला हवा भरणारा ब्लोअर दिवसरात्र चालू लागतो, काही तास बंद पडला तरी पाणी सडायला लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या गावांत किती आठवडे वीज नव्हती हे तुम्हाला मी सांगायला नको. जनरेटरवर आठवडेच्या आठवडे ब्लोअर चालवणार का?

तिसरं, पैसे. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या टप्पा २ मध्ये ५००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरलेत, त्यातले ३० टक्के १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. तुमच्या गावाचे होतात ४ लाख २० हजार. या पैशात अख्ख्या गावाला पाइपलाइन होत नाही, उरलेला पैसा कुठून येणार आणि दरवर्षीचा खर्च कशातून निघणार हे त्या कंपनीकडून लेखी घ्या.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. पाइपलाइनचा विचार करण्याआधी गावातल्या टाक्या उघडून बघा. आपल्याकडे कौतुकाने सांगतात ना, आमची संडासची टाकी वीस वर्षं झाली उपसावी लागली नाही. ती टाकी चांगली आहे म्हणून भरत नाही असं नसतं, तिला खाली तळच नसतो. जांभ्याची चिऱ्याची भिंत, खाली नुसती वाळू, सगळं जमिनीत चाललंय आणि चाळीस फुटावर विहीर. खरी सेप्टिक टँक तळाला आणि बाजूंनी पक्की, पाणी न गळणारी लागते, दोन कप्पे, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपाला टी आकाराचा जोड, आणि दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावाच लागतो. आणि एवढं सगळं असूनही टाकीतून बाहेर पडतं ते पाणी शुद्ध नसतं, घाण फार तर तिसरा हिस्सा ते निम्मी कमी होते, रोगजंतू तसेच राहतात. म्हणून पुढे शोषखड्डा लागतो आणि तो पिण्याच्या विहिरीपासून लांब लागतो. सेप्टिक टँकसाठीच्या आयएस २४७० या भारतीय मानकात हे अंतर १८ मीटर दिलंय, म्हणजे साठेक फूट. तुमच्या पुळणीवर जुलैत पाणी किती खाली लागतं? चार-पाच फुटावर लागत असेल तर शोषखड्डा पाण्यातच बुडालेला असतो, गाळून घ्यायला मध्ये कोरडी माती उरतच नाही. पहिल्या पावसात वास येतो त्याचं कारण बहुतेक हेच.

वाडीतली_खोली

मी स्वतः निवास न्याहारी चालवते, गाव वेगळं पण परिस्थिती अगदी हीच. एक सांगते, सगळा दोष खोलीवाल्यांवर टाकून मिटिंग घेतलीत तर आमच्यातलं कोणी फिरकणार नाही. जुन्या घरांच्या टाक्या तर आमच्यापेक्षा वाईट आहेत, हे मी घरोघर बघितलंय. पण आमच्याकडून जास्त पाणी जातं हे शंभर टक्के खरं आणि आमच्याकडे पैसेही आहेत, त्यामुळे सुरुवात आम्ही करावी हे मला पटतं.

आम्ही काय केलं ते लिहिते. स्वयंपाकघराचं पाणी संडासच्या टाकीत जायचंच नाही असं आधी ठरवलं. सीझनला रोज सुरमई-बांगडा तळायचा, सोलकढी, नारळाचं वाटण, मासे धुतलेलं पाणी, खवले, हे सगळं एकाच पाइपातून जायचं आणि टाकीवर हाताएवढी जाड तेलकट साय धरायची. मग मोरीच्या बाहेर एक छोटा चेंबर बांधला, मध्ये आडवी फरशी, तेल वर तरंगून अलीकडे राहतं आणि पाणी खालून पलीकडे जातं. प्लंबर त्याला ग्रीस ट्रॅप म्हणतो. दर आठवड्याला मी स्वतः उभी राहून तो साफ करून घेते, कामवालीवर सोडलं तर होत नाही. खवले आणि आतडी बादलीत काढून माडाच्या आळ्यात खोल पुरतो.

बाथरूमचं पाणी वेगळं काढलं. ते खडीच्या वाफ्यातून जातं, वाफ्याला खाली जाड प्लास्टिक कागद आणि वर कर्दळ लावलीये, तिथून पुढे पोफळीला. पाणी खडीच्या आतूनच वाहतं, वर दिसत नाही, त्यामुळे डास होत नाहीत. आणि खोल्या साफ करायला अॅसिड पूर्ण बंद केलं, ब्लीच अगदी थोडं, कारण ते टाकीत गेलं की टाकीतले जिवाणू मरतात आणि टाकी नुसती साठवणीची होते. पाहुण्यांसाठी खोलीत पाटी आहे, सॅनिटरी पॅड आणि वाइप्स कमोडमध्ये टाकू नका. वाचतात लोक, अगदी सगळे नाही पण वाचतात.

पावसाळ्यात मात्र कर्दळीचा वाफा तुडुंब भरतो, हे खरंच सांगते. छपराचं पाणी त्यात येऊ नये म्हणून पन्हळी वळवल्या तेव्हा जरा बरं झालं.

ब्लोअर_ऑपरेटर

मी एका किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्लांट) ऑपरेटर होतो, नाव नको. प्लांट चांगला होता, बांधणारे चांगले होते, पण चालवायला माणूस लागतो हे कोणी धरलेलं नसतं. मी सुट्टीवर गेलो की वॉचमन बघायचा, त्याला एवढंच माहीत की हिरवं बटण दाबायचं. मे महिन्यात फुल्ल, जुलैत दोन खोल्या. जुलैत जिवाणू उपाशी मरायचे आणि ऑक्टोबरात परत शेण आणून, दुसऱ्या प्लांटचा गाळ आणून कल्चर उभं करायचं, तोपर्यंत दिवाळीची गर्दी आलेली असायची. खाऱ्या हवेने ब्लोअरचे बोल्ट, पॅनल, सगळं गंजतं. बोअरला खारं पाणी लागलं होतं, ते कधी कमी खारं कधी जास्त, त्याचाही जिवाणूंना त्रास.

सडेवाले काकांनी जे लिहिलंय ते बरोबर आहे. मशीन वाईट नाही पण मशीनला रोज हात लावणारा पगारी माणूस लागतो, वर्षभर, सीझन नसला तरी. ग्रामपंचायतीत पाण्याची मोटर चालू-बंद करणाऱ्या माणसाचा पगार वेळेवर होतो का आधी बघा, तो होत नसेल तर प्लांटच्या माणसाचा कसा होणार.

गावात करायचंच असेल तर वीज न लागणारं करा. उतारावरून आपोआप वाहणारं, आधी बंद टाकी, मग आत आडभिंती असलेले कप्पे, मग खडी आणि वनस्पतींचा वाफा. याला डीवॅट्स म्हणतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड हे तंत्र पण वाफ्याचंच आहे. जागा मात्र जास्त खातं, आपल्या उष्ण हवेत माणशी एक ते दोन चौरस मीटर धरतात. अख्ख्या गावाला करायचं तर १५ ते ३० गुंठे लागतील. किनाऱ्यावर गुंठ्याचा भाव काय झालाय ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून सगळ्या गावाचं न करता फक्त देवळामागच्या पऱ्यावर जी घरं आहेत तेवढ्यांचं करा.

पेडण्याचा

गोव्यातून लिहितोय, आमचं दुखणं वेगळं आहे ते ऐकून ठेवा. पणजीला टोंक भागात १२.५ एमएलडीचा (रोज सव्वा कोटी लिटरचा) मोठा प्लांट आहे, राज्यात सांडपाण्यासाठी वेगळं महामंडळ आहे, कायदाही आहे. तरी रस्त्यात पाइप घातला म्हणजे घरातलं पाणी त्यात जातंच असं नाही. घरमालकाला अंगण खोदायचं असतं, जुनी टाकी बुजवायची असते, जोडणीचे पैसे भरायचे असतात, आणि त्याची टाकी त्याच्या दृष्टीने व्यवस्थित चाललेली असते, मग तो कशाला जोडणी घेईल. आमच्या वाड्यावर लाइन आली तेव्हा बरीच वर्षं चेंबर नुसते बांधून पडले होते, त्यात पावसाचं पाणी आणि वाळू. तुमची कंपनी पाइपलाइनचे मीटर मोजून बिल करेल, किती घरं जोडली त्यावर नाही. करारात ते उलटं करून घेता आलं तर बघा.

आणि सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांचं, विसरू नका. प्रक्रिया न केलेलं पाणी समुद्रात सोडायला बंदी आहेच, शिवाय २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे कमी दाटीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे. प्रेझेंटेशनमध्ये प्लांट पुळणीवर दाखवला असेल तर परवानगी कुणी आणायची ते आधी विचारा.

तिसऱ्यावाली

सगळे विहिरीचं बोलताय, खाडीचं पण बोला. आमची आई-आजी ओहोटीला तिसऱ्या (शिंपल्या), कालवं काढायला जायच्या, मी पण जाते. तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळून खातात, दिवसभर पाणी आत घेतात आणि सोडतात, पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं. मासा पोहून लांब जातो, कालव दगडाला चिकटलेलं असतं, ते कुठे जाणार. आमच्या खाडीच्या तोंडाशी ज्या बाजूला हॉटेलांचं पाणी येतं तिथलं आम्ही काढणं बंद केलं, वास येतो आणि पोटं बिघडतात. त्या दगडांवर आता कोणी जात नाही, म्हणजे आमची तेवढी कमाई गेली. प्रदूषण मंडळाचे लोक समुद्राच्या पाण्याची पण तपासणी करतात, आंघोळीच्या आणि मासेमारीच्या पाण्यात १०० मिलिलिटरला १०० च्या वर विष्ठेचे जंतू नकोत असा नियम आहे. तुमच्या पऱ्याच्या तोंडाशी एकदा तपासून घ्या आणि तो कागद ग्रामसभेत वाचा. मच्छीमार सोसायटीला पण बोलवा, बायकांना बोलवा, कारण त्या पाण्यात गुडघाभर उभ्या राहतात त्या बायकाच.

खाडीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं तपशिलात कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. तिसऱ्यावाली ताई, तुमचं खाडीचं म्हणणं आमच्याकडे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आमच्याही कोळीवाड्यातल्या बायका त्याच पऱ्याच्या तोंडाशी बसतात.

काल संध्याकाळी मी आणि आरोग्यसेवक मिळून खालच्या आळीत चार घरांची झाकणं उघडून बघितली. तीन टाक्यांना तळ नाही, काका तुम्ही म्हणालात तसंच. चौथी पक्की आहे पण बांधल्यापासून उपसलेली नाही, बाहेरच्या पाइपापर्यंत गाळ आलाय.

आता दोन शंका. पाणी कुठे आणि कधी तपासायचं? आणि टाक्या पक्क्या केल्या, उपसायचं ठरवलं, तर तो उपसलेला मैला टाकायचा कुठे? आमच्याकडे दापोलीतून गाडी येते ती रात्री कुठल्या तरी घाटात ओतून जाते असं लोक सांगतात. एकाने सुचवलं की वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चर खणून टाकूया.

सडा_आणि_झरा

पाण्याचं सोपं आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत तिथे ग्रामपंचायतीमार्फत नमुना जातो. एकदा आत्ता आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर, दोन्ही वेळा त्याच विहिरींचे. महत्त्वाची गोष्ट, जलसुरक्षकाने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायच्या आधी नमुना घ्या. टीसीएल टाकल्यावर घेतलात तर जंतू मेलेले असतात आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. बाटली निर्जंतुक केलेली, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरला एकही ई-कोलाय चालत नाही. जंतूंबरोबर नायट्रेट पण करून घ्या, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, त्यामुळे मैला मुरतोय का याचा अंदाज नायट्रेटवरूनही येतो.

सड्यावर चर खणायचा विचार कृपया करू नका. जांभा वरून दगड दिसतो पण आत भोकंभोकं असतात, पाऊस सड्यावर पडतो आणि झरा खाली गावात फुटतो. तुमच्या वरच्या आळीचं पाणी त्याच झऱ्यांचं असणार. सड्यावर जागा घ्यायचीच तर सुकवण्याचे वाफे करा, तळाला काँक्रीट, वर वाळू-खडी, निथळलेलं पाणी गोळा करून परत प्रक्रियेला, आणि वर पारदर्शक पत्रा, कारण आपल्याकडच्या पावसात उघडा वाफा चार महिने सुकणार नाही.

पण हे एकट्या गावाने करू नये. वाई आणि सिन्नर नगरपालिकांनी २०१८ पासून वेळापत्रक लावून टाक्या उपसायला घेतल्या, ३ वर्षांत प्रत्येक घराचा नंबर येतो, घरमालकाने फोन करायची वाट बघत नाहीत, पैसे करातून घेतात, आणि मैला नेऊन प्रक्रिया करायला दोन्हीकडे ७० केएलडीचे प्रकल्प आहेत. ती शहरं आहेत, तुमच्यासारखी पाच-सात गावं एकत्र आली तर एक छोटा प्रकल्प आणि एक गाडी भागते. स्वच्छ भारतमध्ये मैला व्यवस्थापनाला माणशी २३० रुपयांपर्यंत वेगळी तरतूद आहे, ती जिल्हा पातळीवरून येते, म्हणून पंचायत समितीत शेजारच्या सरपंचांना घेऊनच जा. घरपट्टीबरोबर थोडा स्वच्छता कर लावा, खोल्यांवर खोलीमागे जास्त.

वाडीतली_खोली

खोलीमागे कर लावा, माझी हरकत नाही, पण पावती द्या आणि गाडी खरंच येऊ दे. आमच्या गावात हा कर असता तर मी पहिली भरला असता, कारण दर वेळी गाडीवाल्याच्या विनवण्या करायच्या आणि तो मैला कुठे ओततो हे विचारायचं नाही, याची मला लाज वाटते.

खाडीकाठचा

ठरवलंय असं. येत्या ग्रामसभेत प्लांटचा ठराव पुढे ढकलायला सांगणार, आधी घरोघर टाक्यांची पाहणी आणि दोन वेळचं पाणी तपासणं, पऱ्यावरच्या घरांसाठी कर्दळीच्या वाफ्याचं अंदाजपत्रक घालून आराखड्यात टाकणार, आणि शेजारच्या गावांशी गाडीबद्दल बोलणार. एकच अडचण, खालच्या आळीत पाखाडी इतकी अरुंद आहे की रिक्षा जेमतेम जाते. गाडी आत येणार कशी?

ब्लोअर_ऑपरेटर

मोठी गाडी आत आणायची नाही. ट्रॅक्टरला लावायची छोटी व्हॅक्यूम टाकी मिळते, ती पाखाडीच्या तोंडाशी उभी करायची आणि पाइप जोडत आत न्यायचा, शंभर फुटापर्यंत सहज ओढते. घराला त्याहून लांब असेल तर मध्ये एक चेंबर ठेवा. टाक्या दुरुस्त कराल तेव्हा दोन्ही कप्प्यांची झाकणं जमिनीच्या वर येतील अशी बांधून घ्या, बऱ्याच खोलीवाल्यांनी टाकीवर फरशी घालून पार्किंग केलंय आणि मग उपसायला फरशी फोडावी लागते म्हणून टाळतात. सगळं उपसू नका, तळाला थोडा जुना गाळ राहू दे, नवीन पाण्याला जिवाणू तिथूनच मिळतात. आणि आत माणूस उतरवायचा नाही, गाळ कितीही घट्ट झाला असला तरी. वरून पाणी मारून ढवळा आणि मग ओढा. आत जो वायू असतो तो सेकंदात माणूस पाडतो, वाचवायला उतरलेला दुसराही जातो, आणि २०१३ च्या कायद्याने तो गुन्हाही आहे. गाडीवाल्याशी करार करताना हे वाक्य पहिल्या पानावर घाला.